माजघरातला पडदा

सकाळचे ९ वाजून ५८ मिनिटं झाली होती. आजींनी देवापुढची उदबत्ती खोचली, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि स्वयंपाकघराकडे वळता वळता मागे न बघताच म्हणाल्या, "सोड वं आता." नातसुनेनं टेबलाखाली हात घालून बटण दाबलं. सागवानी तुळईखाली टांगलेली नळी बारीक घुरघुरत फिरू लागली आणि निळसर राखाडी कापड खाली उतरायला लागलं. आधी देव्हाऱ्याचा कळस झाकला गेला, मग फळीवरचे पितळी डबे, मग दोरीवरचा टॉवेल आणि शेवटी कोपऱ्यातली ज्वारीची कोठी. पंधरा सेकंदांत खालची पट्टी जमिनीपासून हातभर अंतरावर आली, 'टक' असा आवाज झाला आणि नळी थांबली. दहाच्या ठोक्याला लॅपटॉपवर पुण्याची माणसं उमटली आणि वलगावच्या या घरातलं ऑफिस सुरू झालं.

मी पडद्याच्या अलीकडे, आजींच्या बाजूला होतो. त्यांनी आवाज न करता परातीत पीठ घेतलं आणि मला पाटाकडे बोट दाखवून बसायला सांगितलं.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'पडदा' हा विषय दिला, तेव्हा नाटकाच्या आणि सिनेमाच्या पडद्याबद्दल लिहावं, असं आधी डोक्यात आलं. तेवढ्यात अमरावतीतल्या एका स्नेह्यानं या घराबद्दल सांगितलं: "व्हिडिओ कॉलसाठी मोटरवर चालणारा पडदा घरीच बनवला आहे, बघून तर या." गेलो. एकदा नाही, तीनदा गेलो. घरच्यांनी नावं नको म्हटलं, म्हणून ती देत नाही. बाकी जे पाहिलं ते लिहितो.

पेढीकाठचं घर

अमरावतीहून परतवाड्याच्या रस्त्यानं निघालं की दहाएक किलोमीटरवर वलगाव लागतं. पेढी नदीच्या काठचं हे गाव सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे ते गाडगेबाबांमुळे. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येताना वलगावजवळ पेढीच्या पुलावर बाबांनी देह ठेवला. चिंध्या जोडून अंगरखा करणारा आणि हातातल्या खराट्यानं गावंच्या गावं झाडणारा हा माणूस इथल्या घराघरांत तसबिरीच्या रूपानं आहे. या घरीही आहे, देव्हाऱ्याच्या डाव्या हाताला.

घर जुनं, माती-विटांच्या जाड भिंतींचं. पुढे ओसरी, मग माजघर, मागे स्वयंपाकघर आणि न्हाणी. माजघराला रस्त्याच्या बाजूनं एक खिडकी आहे, आणि इंटरनेटची तार तिच्याच चौकटीतून आत आली आहे. म्हणून नातसुनेचं टेबल तिथं. तीच खोली देवघराची, धान्याची आणि कपड्यांचीही. स्वयंपाकघरातून ओसरीवर जायचं तर तिच्यातूनच जावं लागतं. घरात माणसं सहा. पुण्याच्या एका कंपनीचे हिशेब तपासायचं काम ही मुलगी इथं बसून करते आणि दिवसातून पाच-सहा वेळा तिला कॅमेऱ्यापुढे यावं लागतं.

टाळेबंदीनं मार्च २०२० मध्ये घरातल्या खोल्यांना अचानक कामाला लावलं. त्याच्या तीन वर्षं आधी, १० मार्च २०१७ ला, दक्षिण कोरियातल्या बुसानमध्ये प्राध्यापक रॉबर्ट केली घरातून बीबीसीला मुलाखत देत होते, तेव्हा त्यांची मुलगी आणि पाठोपाठ पांगुळगाड्यातलं बाळ दार उघडून आत आलं होतं. सगळ्या जगानं ते कौतुकानं पाहिलं. केलींच्या त्या खोलीला निदान दार तरी होतं. आपल्याकडच्या बहुतेक घरांत कामाची खोली आणि वहिवाटीची खोली एकच असते, आणि दार लावून घेणं म्हणजे घरच्यांना कोंडणं.

चादर, चिमटे आणि स्टूल

सुरुवात चादरीनं झाली. दोन खिळ्यांना सुतळी बांधून तिच्यावर चादर, कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवलेली. कॉल आला की स्टुलावर चढायचं, चादर लावायची. कॉल संपला की पुन्हा चढून काढायची, कारण आजींना देवापाशी जायचं असतं, सासूबाईंना डबे लागतात, सासऱ्यांना कोठीतून ज्वारी काढायची असते. एकदा नोकरीच्याच मुलाखतीत एक चिमटा निसटला आणि चादर तिरकी लोंबत राहिली. "समोरचे काही बोलले नाहीत," ती सांगते, "पण माझं सगळं ध्यान मागंच. उत्तर काय दिलं ते आठवत नाही."

संगणकातली खोटी पार्श्वभूमी तिनं वापरून पाहिली होती. सॉफ्टवेअर सेकंदाला पंचवीस-तीस वेळा प्रत्येक ठिपका बघून हा माणसाचा की मागच्या भिंतीचा, असा अंदाज बांधत असतं. चांगल्या संगणकावर, चांगल्या उजेडात हे जमून जातं. तिचा लॅपटॉप जुना, खिडकीतला उजेड ढगागणिक बदलणारा. मोकळ्या केसांच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसत. हातात कागद धरून दाखवला की अर्धा कागद गायब होई. लॅपटॉपचा पंखा घरघरू लागे आणि तोच आवाज समोरच्यांना ऐकू जाई. आजी चहाचा पेला ठेवायला आल्या, तर पडद्यावर नुसतीच बोटं दिसली, त्यामागचा सगळा हात पुसला गेलेला. ते चित्र तिला फार लागलं. "आजी आहेत ना तिथं," ती म्हणाली. "मग असं कसं दिसावं?"

मला या सगळ्या प्रकरणातलं महत्त्वाचं वाक्य हेच वाटतं. घर लपवावं असं तिला वाटतच नव्हतं. समोरच्याचं लक्ष कामावर राहावं आणि मागे घरच्यांना मोकळेपणी वावरता यावं, एवढंच तिला हवं होतं. चादरीनं लक्ष कामावर राहत होतं, पण दिवसातून दहा-बारा वेळा स्टूल चढावं लागे. तेव्हा दीर म्हणाले, "वहिनी, हे काम माह्यावर सोडा."

दिरांचं गावातच मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरचे जळालेले पंप येतात, जुनी तार उकलून नवी भरायची, वार्निश करायचं, वाळवायचं. दुकानाच्या दारात तांब्याच्या तारेची भेंडोळी आणि तेलकट बेअरिंगं पडलेली असतात. या माणसाला मोटरची भीती नाही. भीती होती ती कापडाची, आणि ती खरी ठरली.

कापड ऐकत नाही

आधी माप. किती रुंद पडदा हवा हे त्यांनी फार सोप्या रीतीनं काढलं. लॅपटॉप जागेवर ठेवला, वहिनी खुर्चीत बसल्या आणि पुतण्या खुर्चीच्या चार फूट मागे खराटा उभा धरून हळूहळू बाजूला सरकत गेला. कॅमेऱ्यात खराटा दिसेनासा झाला तिथं जमिनीवर खडूची खूण. दुसऱ्या बाजूलाही तसंच. दोन खुणांत भरले साडेसात फूट आणि थोडं जास्त, म्हणून पडदा आठ फुटी. चार फूट मागे का, तर खुर्ची कापडाला चिकटली की चेहऱ्याची सावली त्यावर पडते आणि कापडावरची प्रत्येक चुणी दिसते. अंतर असलं की चुण्या कॅमेऱ्याच्या नजरेतून थोड्या विरघळतात.

मग रंग. हिरवा घ्यावा, असं कुणीतरी सुचवलं. चित्रपटवाले हिरवा वापरतात त्याला कारण आहे: कॅमेऱ्याच्या संवेदकावर हिरव्या रंगाचे ठिपके लाल किंवा निळ्याच्या दुप्पट असतात, त्यामुळे तो रंग नेमका उचलून वेगळा काढता येतो. पण इथं काही वेगळं काढायचंच नव्हतं, आणि हिरव्याची झाक चेहऱ्यावर येते. पांढऱ्यावर कॅमेरा फसतो. एवढा उजेड बघून तो सगळंच चित्र अंधारं करतो आणि सावळा चेहरा आणखी काळवंडतो. काळ्यावर उलट होतं, चेहरा पांढुरका फटक दिसतो. बारीक चौकडीचं कापड तर नकोच. कॅमेऱ्यात त्याच्यावर पाण्यासारख्या लहरी उठतात. मधलाच, न चमकणारा राखाडी-निळा हवा, हे घरातल्या ओढण्या एकेक करून मागे धरून बघितल्यावर ठरलं.

सासऱ्यांचा आग्रह सुती कापडाचा. घरची पराटी आहे, पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिकवला, मग पडदा सुताचाच हवा. अमरावतीत जवाहर गेटच्या बाजारातून मांजरपाट आणला, घरीच रंगवला. दिसला सुरेख. गुंडाळून दोन दिवस ठेवला आणि सोडला, तर अंगभर सुरकुत्या. इस्त्री केली, पुन्हा गुंडाळला, पुन्हा त्याच. शिवाय ५८ इंची पन्हा, म्हणजे आठ फुटांसाठी मधोमध जोड. जोड खुर्चीच्या पाठीमागे झाकला जाईल हा हिशेब बरोबर होता. चुकलं ते वेगळंच. जोडाची शिवण साध्या कापडापेक्षा जाड. पडदा पुरा वर जाईपर्यंत नळीवर तेरा वेढे बसतात. एकेका वेढ्याला मिलिमीटरभरही जाडी वाढली, तरी शेवटी मधोमध सेंटिमीटरभर फुगवटा येतो. मधलं कापड ताणलं जातं, कडांचं सैल पडतं आणि पडदा झोळीसारखा लोंबतो.

शेवटी १०८ इंची पन्ह्याचं, पॉलिस्टर मिसळलेलं चादरीचं कापड आणलं. एकसंध, बिनजोड. सासरे थोडे हिरमुसले. मला त्यांचं दुःख समजतं. जिथं कापूस पिकतो तिथंच त्याचं कापड व्हावं, ही या भागाची जुनी आस आहे. अचलपूरची कापड गिरणी २०२० मध्ये बंद पडली, आणि अमरावतीला मंजूर झालेल्या पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ ला झाली. लोक वाट बघताहेत. पण कापडाचा गुण कापडाचा. सुताला चुणी धरून ठेवायची सवय आहे आणि या कामात ती चालत नाही.

कापायची वेळ आली तेव्हा गावातल्या शिंपीणबाईंनी कात्री बाजूला ठेवली. कडेला छोटी चीर दिली आणि दोन्ही हातांनी कापड टर्रकन फाडलं. साध्या विणीचं कापड धाग्याच्या रेषेत सरळ फाटतं. कात्री मात्र नजरेच्या रेषेत जाते आणि नजर चुकते. आडवा धागा नळीला समांतर नसेल तर पडदा लोंबताना एका कोपऱ्याकडे ओढला जातो, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. "परकराचा घेर तिरका कापला का लोंबतोच," त्या म्हणाल्या. किनारीचे दोन्ही काठही त्यांनी काढून टाकले, कारण काठाची वीण घट्ट असते आणि तो कापडाला गोळा करतो. खाली नेफा शिवला आणि त्यात पाऊण इंची लोखंडी नळी घातली, पडद्याला वजन म्हणून.

नाटकवाल्यांची गुंडाळी

ते मांजरपाटाचं अपयश मला घरी येऊनही सोडेना. कारण आपल्या नाटक मंडळ्यांचे पडदे सुतीच तर होते. मग ते सपाट कसे राहत?

उत्तर रंगात आहे. पडदा रंगवण्याआधी कापडाला खडू आणि सरसाचं अस्तर देत. भुकटीचे रंगही सरसातच कालवलेले असत. त्या लेपानं कापड ताठ होई आणि चुणीला जागाच उरत नसे. पण असं कापड घडी केलं तर घडीवर रंगाला तडे जातात. म्हणून ते गुंडाळायचं. नाटकाच्या पडद्याची गुंडाळी रंग वाचवण्यासाठीही होती, हे मला या घरातल्या चुणीनं शिकवलं.

गुंडाळायची जुनी युक्तीही बघण्यासारखी. कापडाची वरची कड पक्क्या बांबूला, खालची कड लांब गोल दांड्याला. दांड्याच्या दोन्ही टोकांवर दोर गुंडाळलेले आणि ते वर कप्पीवरून विंगेत आलेले. दोर ओढला की दांडा आपल्याभोवती कापड गुंडाळत स्वतःच वर चढतो. वर उंच माळा लागत नाही, म्हणून फिरत्या मंडळीला ती कुठेही मांडता येते. दोन्ही दोर सारखे ओढले नाहीत तर दांडा तिरका होतो, म्हणून दोरावरचा माणूस जाणता लागे.

कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात नाटक मंडळ्यांसाठी रंगवलेल्या पडद्यांचा बोलबाला होता. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूराव पुढे सिनेमाकडे वळले आणि १९२० मध्ये त्यांचा 'सैरंध्री' आला. रंगवलेला पडदा आणि रुपेरी पडदा यांच्यात अंतर किती कमी होतं, हे त्या एका माणसाच्या आयुष्यात दिसतं. अमरावतीचे वीर वामनराव जोशी यांचं 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शनं रंगभूमीवर आणलं, तेही याच काळात. त्या नाटकांत राजवाडा, अरण्य, रस्ता सारं कापडावर असे. घटकेत एक जागा जाई आणि दुसरी येई. वलगावच्या माजघरात देवघराचं ऑफिस होतं आणि ऑफिसचं देवघर होतं, ते याहून वेगळं नाही.

फोटो स्टुडिओवाल्यांनीही हीच गुंडाळी घेतली. जिना, कठडा, चंद्र आणि कमळाचं तळं रंगवलेल्या पडद्यापुढे आपल्या आधीच्या पिढ्यांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून फोटो काढून घेतले. आज स्टुडिओत भिंतीवर तीन-चार नळ्या एकाखाली एक लावलेल्या असतात, साखळी ओढली की हवा तो रंग खाली येतो. दिरांनी त्यातलीच एक रचना परतवाड्याच्या एका स्टुडिओत पाहून डोक्यात ठेवली होती. कापड वरच्या नळीवर गुंडाळायचं, आणि साखळीच्या जागी मोटर.

"फिरते कोनतीबी, थांबवनं कठीन"

पहिली नळी पीव्हीसीची, दोन इंची, पाण्याच्या पाइपातली. तुळईखाली टांगताच मधोमध झोळ आला आणि त्या झोळाकडे कापडाच्या चुण्या इंग्रजी 'व्ही'सारख्या जमल्या. वजन सगळ्या लांबीवर सारखं पसरलं असेल तर नळीची लांबी दुप्पट होताच झोळ सोळापट होतो. तीन फुटांवर जो झोळ डोळ्याला कळत नाही, तो आठ फुटांवर उघडा पडतो. अ‍ॅल्युमिनियम पीव्हीसीपेक्षा सुमारे वीसपट ताठ. तेवढ्याच जाडीची अ‍ॅल्युमिनियमची नळी लावली आणि झोळ गेला.

भिंतीत रावळप्लग धरेना, माती ओघळायची. म्हणून पट्ट्या तुळईलाच स्क्रूनं आवळल्या. मेळघाटच्या सागाची ती तुळई सासऱ्यांच्या वडिलांनी परतवाड्याहून बैलगाडीनं आणलेली. "याले काई होत नाई," सासरे तिच्यावर थाप मारून म्हणाले. नळी पाणसळ लावून समतल केली. तरी कापड वर जाताना बोट-दोन बोटं डावीकडे सरकत असे. उजव्या टोकाला नळीवर कागदी चिकटपट्टीचे चार वेढे दिले. जाडी वाढते त्या बाजूला कापड ओढलं जातं. पडदा जागेवर आला.

मोटर निवडताना दिरांनी हिशेब पाटीवर मांडून दाखवला. कापड किलोभर, खालची नळी दीड किलो, म्हणजे अडीच किलो. वरच्या नळीची त्रिज्या अडीच सेंटिमीटर. दोन्हींचा गुणाकार सव्वासहा किलो-सेंटिमीटर. घर्षणासाठी दुप्पट धरा. एवढ्या जोराला भंगारातली वायपरची मोटर भरपूर होती, म्हणून आधी तीच लावली. तिचं ऋण टोक आतून तिच्या लोखंडी अंगालाच जोडलेलं. उलटं फिरवण्यासाठी तारा अदलाबदल केल्या की सगळ्या सांगाड्यात बारा व्होल्ट खेळायला लागत. शिवाय आवाज मोठा. ती काढली आणि गाडीच्या दाराची काच वर-खाली करणारी मोटर बसवली. ती दोन्ही दिशांना फिरण्यासाठीच बनलेली असते. आत मळसूत्री दाते असतात. मोटरनं चाक फिरतं, पण चाकानं मोटर फिरत नाही. त्यामुळे वीज बंद झाली तरी पडदा आपोआप घसरत नाही, जिथं असेल तिथं थांबतो.

"काका, मोटर तं कोनतीबी फिरते," ते म्हणाले. "थांबवनं कठीन हाये."

आधी त्यांनी सेकंद मोजून थांबवायचं ठरवलं होतं. पण व्होल्टेज कमी-जास्त झालं की वेग बदलतो, आणि कापड जसजसं गुंडाळलं जातं तसतशी गुंडाळी जाड होऊन एका फेऱ्यात जास्त कापड ओढलं जातं. चार दिवसांत पडदा कधी जमिनीला टेके, कधी मधेच थांबे. म्हणून मग वर-खाली दोन लिमिट स्विच लावले. खालची पट्टी वर जाऊन स्विचच्या पात्याला टेकली की वीज तुटते आणि मोटर थांबते.

इथं एक अडचण येते, आणि तिचं उत्तर मला फार आवडलं. वीज तुटली, मोटर थांबली; पण मग पडदा खाली कसा आणायचा? वाटच तुटलेली. त्यांनी प्रत्येक स्विचच्या दोन टोकांवर एक डायोड आडवा जोडला. डायोड म्हणजे विजेच्या वाटेवरचं एकेरी फाटक. वर नेणारी वीज त्यातून जात नाही, म्हणून पडदा आणखी वर चढत नाही. बटण उलटं दाबलं की वीज उलट्या दिशेनं येते, तिला फाटक उघडं असतं, आणि पडदा खाली निघतो. पट्टी स्विचवरून हलली की नेहमीची वाट पुन्हा जोडली जाते. नखाएवढा तो काळा तुकडा त्यांनी तळहातावर ठेवून मला दाखवला. एका टोकाला चंदेरी पट्टी होती. ती पट्टी कोणत्या बाजूला, एवढंच लक्षात ठेवायचं.

सगळं बारा व्होल्टवर चालतं, त्यामुळे लहान मुलाचा हात लागला तरी झटक्याची भीती नाही. वीज गेली तर मोटरसायकलच्या जुन्या बॅटरीवर चालतं, आणि वलगावात वीज जाते. नळीच्या टोकांना मात्र पत्र्याची टोपणं आहेत, ती बोटांसाठी आणि पालींसाठीही. पहिल्या महिन्यात गुंडाळीतून एक पाल थेट खाली पडली होती.

कूलरचा वारा

एप्रिल लागला आणि नवीनच संकट आलं. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. खिडकीत कूलर बसवल्याशिवाय माजघरात दुपारी बसणं अशक्य. कूलर सुरू झाला, त्याचा झोत सरळ पडद्यावर गेला आणि पडदा शिडासारखा फुगला. समोरच्यांना वहिनींच्या मागे भिंत श्वास घेताना दिसू लागली.

खालच्या नेफ्यात आणखी वजन घालून पाहिलं. त्यानं फडफड कमी झाली, फुगणं गेलं नाही. मग तुळईपासून जमिनीपर्यंत दोन्ही बाजूंना बारीक पोलादी तारा ताणून बसवल्या आणि खालच्या नळीच्या टोकांना कड्या लावून त्या तारांत ओवल्या. पडदा आता तारांच्या वाटेनं उतरतो. कूलरची झडप थोडी वर वळवली, झोत छताला लागून परत येतो. आवाजावर मात्र इलाज नाही. कूलर आवाज करतोच. बोलायची वेळ आली की ती कूलर बंद करते, बोलून झालं की सुरू करते, आणि मेच्या दुपारी तासाभराच्या मीटिंगमध्ये घामानं पदर भिजतो. दूर शहरात थंड खोलीत बसलेल्यांना हे ठाऊक असावं, असं मला वाटतं.

पलीकडचं बटण

इतकं सगळं जमलं आणि आजी रुसल्या.

"काऊन बाई, देवाची लाज वाटते का तुले?" त्यांनी एका सकाळी विचारलं. नातसुनेनं समजावलं की लाज नाही, तिकडच्या लोकायचं ध्यान मागं जाते. आजींना ते पटलं नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं. देव्हारा त्यांचा, साठ वर्षं त्या तिथं दिवा लावताहेत, आणि आता त्यांना तिथं जायचं तर टेबलापाशी बसलेल्या पोरीनं बटण दाबायची वाट बघावी लागते. पडद्याखालून वाकून जायला गुडघे साथ देत नाहीत. पडदा एकाच बाजूच्या हातात होता.

दिरांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी दुकानातून तार आणली. जिन्यातला दिवा जसा वरूनही लागतो आणि खालूनही, तशी बटणांची दुसरी जोडी स्वयंपाकघराच्या चौकटीवर, आजींच्या हाताला येईल अशा उंचीवर बसवली. वरचं बटण पडदा वर न्यायला, खालचं खाली आणायला. त्यांना ओळखता यावं म्हणून वरच्यावर कुंकवाचा ठिपका.

पहिल्याच आठवड्यात मीटिंग चालू असताना पडदा वर गेला. मागे आजी, हाताला पीठ, देव्हाऱ्यासमोर उभ्या. पुण्याच्या बाजूनं कुणीतरी नमस्कार केला. आजींनी पिठाचे हात जोडले. मीटिंग पुढे चालू राहिली. तरीही नातसुनेच्या पोटात गोळा आला होता, म्हणून चौकटीवर बटणाशेजारी तांबडा छोटा दिवा लावला. कॉल सुरू करताना ती तो लावते. दिवा लागलेला असेल तोवर आजी थांबतात. दिवा विझला की पडदा त्यांचा.

"लग्नात दोघं जन अंतरपाट धरून राह्यते," आजींनी मला भाकरी वाढताना सांगितलं. "एका हातानं धरला तं पडते."

शेवटच्या खेपेला मी संध्याकाळपर्यंत थांबलो. साडेसहा झाले. स्वयंपाकघरात अंधारून आलं होतं आणि चौकटीवरचा तांबडा दिवा अजून जळत होता. आजी हातात निरांजन घेऊन चौकटीला टेकून उभ्या होत्या, वात भिजवलेली, काडी ओढलेली नाही. पलीकडून नातसुनेचा आवाज येत होता, कसले तरी आकडे, मग "हो सर, उद्या पाठवते." दिवा विझला. आजींनी कुंकवाच्या ठिपक्यावर अंगठा ठेवला. नळी घुरघुरली, आधी ज्वारीची कोठी दिसली, मग टॉवेल, मग डबे. कळस दिसेपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी काडी ओढली.